भिंतीपलीकडची भाजी

फ्यूजकाका आणि काकू वीज मंडळात एकाच खोलीत समोरासमोर बसत आणि एकाच डब्यातून जेवत. मग मंडळाच्या तीन कंपन्या झाल्या: एक वीज बनवणारी, एक ती लांबून वाहून आणणारी आणि एक घरोघर पोचवणारी. काकू वाहून आणणारीत गेल्या, काका पोचवणारीत, आणि मधे भिंत उभी राहिली. कागदावर एक सही झाली अन् भरल्या संसाराची वाटणी!

पण काका कसले गप्प बसतात! दोन्हीकडे नियम होता की फोनवरचा निरोप ऐकणाऱ्याने जसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे भलतीच लाइन बंद होत नाही. जेवणाच्या सुट्टीत काका फोन करत, "भाजी खारट झालीय."

"भाजी खारट झालीय, समजलं," काकूंना म्हणावंच लागे. वर, "घरी या, मग बघते!"

आता दोघंही निवृत्त, टेबलही एकच. पण काकांना त्या फोनवाचून करमेना. परवा ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि भिंतीआडून ओरडले, "भाजी खारट झालीय!"

आत सगळं शांत. विसरली की काय ही? काकांचा घास हातातच राहिला.

"भाजी खारट झालीय, समजलं," आतून आवाज आला. "आता या इकडे, गार होतेय."