सुदामभाऊ जागे होते

गुरुवार हा आमच्या पट्ट्यात कंपन्यांच्या सुट्टीचा आणि लाइट जाण्याचा वार. त्या गुरुवारी सकाळी मी बिल्डिंगखाली मोटरसायकल धूत होतो, तेवढ्यात कुसुमवहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी हातातला पाइप तसाच धरून उभा राहिलो, पाणी वाहत राहिलं… मग त्याच पुढे म्हणाल्या, "झोपेत नाही गेले. जागे होते. चहा पीत होते, कप खाली ठेवला आणि गेले." अशा वेळी हे सांगणं दुसऱ्या कुणाला विचित्र वाटलं असतं, मला वाटलं नाही. सुदामभाऊ एक दिवस झोपेतच जाणार, ही भीती वहिनींनी लग्नानंतरची कितीतरी वर्षं उशाशी घेऊन काढली होती. त्यांच्याखालोखाल ती मी काढली होती, कंपनीच्या बसमध्ये. तसं झालं नाही, हे त्यांना आधी मला सांगायचं होतं.

सुदाम ओव्हाळ आमच्या चाकणच्या कंपनीत क्रेन ऑपरेटर होते. शेडच्या छताखाली रुळांवर सरकणारी क्रेन, तिला लटकलेली छोटी केबिन आणि त्या केबिनमध्ये आखूड मानेचा, अंगाने भरलेला, बोलायला गोड असा हा माणूस. मी खाली क्वालिटीत पार्ट तपासणारा मुलाणी. कंपनीत आमचा संबंध मान वर करून हात हलवण्यापुरता, खरी दोस्ती बसमधली. मी चिंचवडला चढायचो, ते पिंपरीला. तोवर त्यांची खिडकी मी रुमाल टाकून धरून ठेवायचो. भोसरी मागे पडायच्या आत ते झोपलेले असायचे आणि मग घोरणं सुरू. ड्रायव्हर म्हणायचा, माझ्या गाडीला काय झालंय ते इंजिनाच्या आवाजावरून कळत नाही, आधी ओव्हाळांना उठवा. सगळी बस हसायची, सुदामभाऊंनाही नंतर सांगितलं की तेही हसायचे. पण मला भीती त्या घोरण्याची नव्हती, ते मधेच थांबायचं त्याची होती. एकदम गप्प… छाती वरखाली व्हायची, पण हवा आत जायची नाही. बाकीचे आपापल्या मोबाइलमध्ये आणि मी एकटा त्या शांततेकडे कान लावून बसलेला. फार झालं की मी त्यांच्या बरगडीत कोपर मारायचो. पाण्यातून डोकं वर काढावं तसा मोठा श्वास घेऊन ते विचारायचे, "आलं का चाकण?" आणि पुन्हा झोपायचे. घरी हेच काम वहिनींकडे. आम्ही दोघांनी शिफ्ट वाटून घेतल्या होत्या म्हणा ना.

दिवसभर त्यांच्या डोळ्यांवर झापड असायची. बीपी वाढलेलं, डोकं जड. आम्हाला वाटायचं, रात्रीच्या थर्ड शिफ्टचा परिणाम आहे. आमच्याकडे सगळ्या दुखण्यांना हेच एक उत्तर असतं. मग एका दुपारी जे झालं त्याला झालं तरी कसं म्हणायचं? क्रेनच्या हुकाला डाय लटकत होता. डाय म्हणजे पत्र्याला दाबून आकार देणारा पोलादी ठोकळा, भरल्या ट्रकसारखा जड. सुदामभाऊ तो असा ठेवायचे की निजलेलं मूल पाळण्यात ठेवतंय कुणी. त्या दिवशी खालच्या माणसाच्या इशाऱ्याची वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला. डाय जागचा हलला नाही, कुणाला कळलंही नाही. त्यांनी तो नीट खाली टेकवला, शिडी उतरले आणि सरळ सुपरवायझरसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, वर असताना मला झोप लागली. मला आता वर पाठवू नका." मी शेजारीच माप घ्यायचं गेज घेऊन उभा होतो. सुपरवायझर समजावत होता की अहो, काही झालं नाही ना, सोडून द्या. "झालं नाही म्हणूनच सांगतोय," सुदामभाऊ म्हणाले, "खाली माणसं असतात, साहेब." ज्या केबिनवर या माणसाचा एवढा जीव होता, ती त्याने स्वतःच्या तोंडाने सोडली होती.

त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. हातमोजे द्यायचे, नटबोल्ट द्यायचे. क्रेनचा भोंगा वाजला की त्यांची मान आपोआप वर जायची आणि मग ते पुन्हा खिडकीतल्या माणसाला विचारायचे, काय पाहिजे होतं तुला? रिटायरमेंट जवळ आली होती. एकदा बसमध्ये झोपेच्या अलीकडे ते हळूच म्हणाले, "मुलाणी, मला वरूनच रिटायर व्हायचंय राव." कंपनीच्या मेडिकल ऑफिसरने सांगितलं होतं, उपचार घ्या, झोपेचा रिपोर्ट चांगला आणा, मग बघू. दवाखान्यात अंगभर वायरी लावून झोपेची तपासणी झाली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी निकाल दिला. झोपेत घसा मिटतो, श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, दर वेळी शरीर मरणाच्या दारातून धावत परत येतं, मग झोप होणार कशी? उपाय म्हणजे एक मशीन. डब्याएवढं, त्याला नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. हवेच्या जोराने घसा उघडा राहतो आणि श्वास चालत राहतो.

आम्ही कारखान्यातली माणसं, मशीन म्हटलं की आम्हाला धीर येतो. पण हे मशीन तोंडाला बांधायचं होतं. सुदामभाऊ सांगायचे, धावत्या गाडीच्या खिडकीतून नाक बाहेर काढल्यासारखं वाटतं, गुदमरायला होतं, झोपेत कधी ओढून फेकतो तेही कळत नाही. त्यात मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सूं सूं आवाज यायचा. आमच्या कंपनीत हवेच्या लाइनीतून असा आवाज आला की जाणारायेणारा प्रत्येक जण थांबतो; लीकेज दिसूनही पुढे जाणं हा आमच्याकडे गुन्हाच. सुदामभाऊंनी साबणाचा फेस लावून हवा कुठून जाते ते शोधलं आणि वहिनींकडून चिकटपट्टी मागून ती भोकं पक्की बंद करून टाकली. बसमध्ये त्यांनी हे सांगितल्यावर सगळ्यांनी वाहवा केली, एकाने तर पट्टी कुठली चांगली तेही सांगितलं. पुढचे काही दिवस डोकं इतकं ठणकलं की ते मास्क घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. सोडलेला श्वास बाहेर जायला ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, तुम्ही स्वतःचाच वापरलेला श्वास पुन्हा ओढत होतात, असं त्या म्हणाल्या. बसमधले सगळे वाहवावाले त्या दिवशी खिडकीबाहेर बघत होते.

मला वाटलं, आता हे मशीन कपाटात जाणार. डॉक्टरीणबाईंनी मात्र एक साधी गोष्ट सांगितली होती: रोज थोडा वेळ जागेपणी मास्क लावून बसा, टीव्ही बघा, पेपर वाचा, सवय होईल. पुढच्या गुरुवारी मी त्यांच्याकडे गेलो. लाइट होती. वहिनींनी ओठांवर बोट ठेवून मला आत नेलं. बुद्धमूर्तीसमोर सतरंजीवर सुदामभाऊ मांडी घालून बसलेले, डोळे मिटलेले, नाकावर तो मास्क, नळी खांद्यावरून मागे गेलेली. दर रविवारी विहारात ते आनापानाला बसायचे हे मला माहीत होतं. आत येणारा श्वास बघायचा, बाहेर जाणारा बघायचा, बाकी काही करायचं नाही. तेच ते मशीन लावून करत होते. मी दारात थांबलो. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आमच्यात नमाजेला उभ्या असलेल्या माणसासमोरून जात नाहीत, तसा मी आपसूक भिंतीला लागून उभा राहिलो… आणि नेमकी लाइट गेली. मशीन बंद पडलं. त्यांनी डोळे न उघडता मास्क सावकाश वर सरकवला आणि तसेच बसून राहिले, श्वास चालूच.

नंतर वहिनींनी चहा दिला. ते म्हणाले, "नाकाखाली लक्ष ठेवायचं, एवढंच शिकलो रे इतकी वर्षं. पण झोपलो की तिथं पहारा द्यायला कोणी नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बसमध्ये तू होतास." मी चहात बिस्कीट बुडवत राहिलो, कारण वर बघण्याची सोय नव्हती.

त्यानंतर मशीन त्यांना लागू पडलं. थर्ड शिफ्ट करून आले की दुपारपर्यंत खोलीत फक्त मशीनची हलकी घरघर. वहिनी सांगायच्या, सुरुवातीला त्या शांततेनेच त्यांना झोप येईना. घोरणं नाही म्हणजे काहीतरी बिनसलं, म्हणून त्या उठून छातीवर हात ठेवून बघायच्या. पण खरी गंमत बसमध्ये झाली. सुदामभाऊ झोपेनात. भोसरी गेली तरी डोळे टक्क उघडे. मोशीला एवढ्या उंच इमारती कधी झाल्या, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करतायत. ती चेष्टा नव्हती. या रस्त्याने जन्म गेला, पण त्यांनी तो पाहिलाच नव्हता. इंद्रायणीचा पूल आला की ते आता मला कोपर मारायचे. "ते बघ, बगळे." "बघ, आज पाणी चढलंय." मी वैतागायचो, माझी स्वतःची डुलकी गेली होती ना. पण बघायचो. रोजची नदी तो माणूस पाहुणा आल्यासारखा बघायचा, आणि त्याचा चेहरा बघून मलाच आपण इतके दिवस काय केलं असं वाटायचं.

रिपोर्ट चांगला आला, मेडिकल ऑफिसरने सही केली. ज्या सकाळी ते पुन्हा शिडी चढले त्या सकाळी शेडमध्ये कुणी मुद्दाम थांबलं नव्हतं, तरी सगळे थांबलेले होते. भोंगा वाजला, डाय उचलला गेला, आमच्या डोक्यावरून हळूहळू सरकत आला आणि प्रेस मशीनमध्ये बसला तेव्हा टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. मी आयुष्यभर मापं तपासत आलोय, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला तो मापामुळे नाही. वरून केबिनच्या काचेतून त्यांनी हात हलवला. केबिनमधले ते महिने त्यांना मिळाले. रिटायरमेंट मात्र मिळाली नाही.

मातीला आलेल्यांपैकी एकजण कुजबुजला की एवढं मशीन लावून काय उपयोग झाला, शेवटी हार्टनेच नेलं. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. किती जगला हे विचारणारे पुष्कळ असतात. किती जागा होता, हे विचारणारं कुणीतरी पाहिजे. परवा मी वहिनींना भेटायला गेलो. मशीन पलंगाशेजारी तसंच आहे. मास्क धुऊन खिडकीत वाळत घातला होता; रोज सकाळी हात आपोआप जातो, त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना विचारून गरजूला द्यायचं त्यांच्या मनात आहे, पण इतक्यात नको. मीही घाई केली नाही.

बसमध्ये त्यांच्या जागी आता कुणीतरी नवीन बसतो. भला माणूस आहे, कानात वायर घालून गप्प असतो. पिंपरी येईपर्यंत मी अजून रुमाल टाकतो आणि मग स्वतःच उचलतो. भोसरी जाते, मोशी जाते. कितीही झोप आली तरी पूल यायच्या थोडं आधी माझे डोळे उघडतात आणि मी बरगडी जरा खिडकीच्या बाजूला सरकवून बसतो. कोपर येत नाही. मग मी आपला आपणच वळून बघतो. काल पाणी उतरलं होतं, बगळे होते.