ओल्या पापडांची श्रद्धांजली

प्रज्ञा गेल्याचं मला तिच्या आईने फोन करून सांगितलं. 'ये,' एवढंच म्हणाल्या. मी मुलुंडहून विक्रोळीला पोचेपर्यंत माझ्या मोबाइलवर श्रद्धांजल्यांचा पूर आला होता. ज्यांनी तिचा फोन वर्षानुवर्षं उचलला नव्हता त्या सगळ्यांचा आतून काहीतरी तुटल्याचा दावा होता. एका गायकाने स्वतःचा गिटार घेतलेला फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'तिने मला घडवलं.' त्याच्या पहिल्या अल्बमला प्रज्ञाने 'ओला पापड' म्हटलं होतं. दिसायला पापड, पण कडकडायचा म्हणून नाही. त्यानंतर हा गृहस्थ गावभर तिला 'फ्रस्ट्रेटेड बाई' म्हणत फिरला. आता काळी चौकट आणि हात जोडलेली चित्रं... मी रिक्षात बसून ते वाचत होते आणि मला रडू येत नव्हतं, फक्त किळस येत होती. पुढचे कित्येक दिवस ती किळसच मला पुरली. दुःखाला जागाच मिळाली नाही.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रज्ञा एका खाजगी दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. काचेच्या खोलीत माणसाला हेडफोन लावून बसवायचं, बारीक शिट्ट्या ऐकवायच्या आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं, हे तिचं काम. मी माझ्या बाबांना घेऊन गेले होते. तपासणी झाल्यावर बाबा कानाचं मशीन घ्यायला नको म्हणाले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, 'काका, तुम्हाला मुलीचा आवाज ऐकू येत नाहीये. टीव्हीचा येतोय. तुम्हीच ठरवा.' बाबांनी मशीन घेतलं. निघताना मला तिच्या पांढऱ्या कोटाखाली एका बँडचं चित्र छापलेला टीशर्ट दिसला, तो बँड मुंबईत आपल्यालाच माहीत आहे असा माझा समज होता. मी तसं बोलून गेले. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. 'वाजवतेस?' 'घरी... थोडी गिटार.' 'घरी काय, पोळ्याही लाटतात. शनिवारी चारकोपला ये.'

तिचे वडील मराठवाड्यातून येऊन विक्रोळीच्या कारखान्यात लागलेले. बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट, असं दोन खोल्यांचं घर. वडील लवकर गेले. आईने पोळीभाजीचे डबे करून हिला शिकवलं. शाळेत असताना चाळीतल्या एका मोठ्या मुलाने कुठून तरी आणलेली पंकची कॅसेट तिच्या हाती लागली आणि मग दुसरं काही ऐकणं तिला जमेना. पंक म्हणजे काय असं कुणी विचारलं की ती म्हणायची, 'तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि एक खरा राग.' आणि पॉवर पॉप? 'पंकचाच सख्खा भाऊ, पण आंघोळ करून, भांग पाडून आलेला. चाल गोड, गिटार करकरीत, आणि कुणीतरी सोडून गेलेलं.' दोन्हींवर तिचा जीव होता, म्हणूनच दोन्हींतल्या भेसळीवर ती तुटून पडायची.

दर आठवड्याला जगभरातले छोटे, कुठल्याही कंपनीशी न बांधलेले बँड आपली नवी गाणी इंटरनेटवर टाकतात. प्रज्ञा ती ऐकायची, आणि मराठीत त्यांच्यावर लिहायची. वाचणारे मूठभर, पण ते तिच्या शिव्यांसाठी जीव टाकायचे. दक्षिण मुंबईतल्या एका नामांकित पंक बँडबद्दल तिने लिहिलं होतं, 'या मुलांनी बंड मम्मीला विचारून केलंय, आणि साडेनवाला जेवायला घरी येणार आहेत.' एका पॉवर पॉप अल्बमबद्दल: 'सगळी गाणी प्रेमभंगाची. एकातही कुणाचं काही मोडल्याचा आवाज येत नाही.' मी तिला म्हटलं, अगं, पोरं मेहनत करतात, जरा हळू. ती म्हणाली, 'मेहनत तर अळ्याही करतात, पीठ खातात.' पण तिची तुच्छता स्वस्त नव्हती. ती अल्बम पूर्ण ऐकायची, दोनदा ऐकायची, मगच हाणायची. आणि कधीतरी इंडोनेशियातल्या कुठल्याशा गावातल्या पोरींनी स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलेलं काही सापडायचं, तेव्हा ती दवाखान्यातून मला फोन करायची. 'ऐक, यांची ड्रमवाली चुकते. आणि चुकली की घाबरून हळू नाही होत, अजून जोरात मारते. यार... झकास!'

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका ओळखीच्या माणसाचा गाळा शनिवार-रविवारी रिकामा असायचा. तिथं आम्ही तिघं वाजवायचो. प्रज्ञा ड्रम्सवर, मी गिटारवर आणि खारदांड्याचा सुजित बेसवर. शेजारच्या गाळ्यात प्लॅस्टिकची झाकणं काढणारं मशीन चालू असायचं. ठक्-फुस्स, ठक्-फुस्स. 'ए मुलुंड,' ती मला ओरडायची, 'ते मशीन बघ, कसं तालात आहे. तू सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी वाजवतेस. सगळं नियमात आणि सगळं उशिरा.'

आमचं एक गाणं होतं, 'आडनाव'. तिने लिहिलेलं. भाड्याने घर बघायला गेलेली मुलगी. घर आवडतं, भाडं ठरतं, चहा येतो, आणि मग घरमालक सहज विचारतो तसं विचारतो. मी आणि सुजित माइकवर ओरडायचो, 'पूर्ण नाव?' आणि जिथं उत्तर यायला हवं तिथं ती एक अक्षर बोलायची नाही. फक्त ड्रम्स. असे काही कोसळायचे की गाळ्याचं शटर थरथरायचं. पुन्हा 'पूर्ण नाव?', पुन्हा ड्रम्स. हे तिच्या बाबतीत घडलेलं होतं, कांदिवलीत, आणि एकदा मुलुंडलाही, माझ्या घरापासून फार लांब नाही. ते तिने मला कधी वेगळं सांगितलं नाही. गाणं वाजवताना मला कळत गेलं.

हे गाणं अंधेरीच्या एका म्युझिक कंपनीतल्या रोहनच्या कानावर गेलं. रोहन म्हणजे तिशीतला, दाढी कोरलेला, प्रत्येक वाक्यात 'ऑथेंटिक' म्हणणारा माणूस. त्याने आम्हाला ऑफिसात बोलावलं. भिंतींवर मुद्दाम सोललेलं प्लास्टर, त्यातून दिसणाऱ्या विटा. प्रज्ञा विटांना बोट लावून बघत म्हणाली, 'आमच्याकडे असं झालं की गवंडी बोलावतात.' रोहन हसला. गाणं कमाल आहे म्हणाला. फक्त त्या मोकळ्या जागेत तिने स्वतःचं खरं नाव घ्यावं. आडनावासकट. 'तुझी स्टोरी आहे ना ती. लोक तिथं कनेक्ट होतील. व्हिडिओत तुझी चाळ दाखवू, आई दाखवू. ट्रस्ट मी, रडतील लोक.'

'लोकांना रडवायचं कशाला?' प्रज्ञाने विचारलं.

'म्हणजे... इम्पॅक्ट.'

'हे बघ,' ती म्हणाली, 'त्या घरमालकाने जे विचारलं तेच तू विचारतोयस. तो निदान चहा तरी देत होता.'

आम्ही उठलो. खाली रस्त्यावर आल्यावर सुजित वैतागला. एवढी संधी, कोण देतं आपल्याला, वगैरे. प्रज्ञा त्याच्यावर चिडली नाही. वडापावच्या गाडीवर उभी राहून म्हणाली, 'अरे, मला माझं नाव लपवायचं नाहीये. पण मी सांगीन तेव्हा मी सांगीन. त्याच्या टाळीवर नाही.' सुजितने मिरची चावत मान हलवली. तो विषय आमच्यासाठी तिथेच संपला. गाणं आम्ही गाळ्यातच रेकॉर्ड केलं, शेजारच्या मशीनच्या आवाजासकट, आणि कुणी ऐकलं नाही तरी चालेल म्हणून स्वतःच इंटरनेटवर टाकलं. फारसं कुणी ऐकलं नाही.

मग ती आजारी पडली. काविळीचं निमित्त झालं आणि लिव्हरने दगा दिला. मी शेवटची भेटले तेव्हा ती हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, डोळे हळदीसारखे पिवळे, एका कानात इयरफोन. दुसरा तिने माझ्या कानात घातला. कुठल्याशा स्पॅनिश बँडचं त्याच आठवड्यात आलेलं गाणं होतं. गायिका सुराच्या जवळपासही नव्हती. प्रज्ञाचे हात पांघरुणावर हलत होते. 'मला टाइप करायला जमत नाही,' ती म्हणाली. 'तू लिही. या गायिकेला सूर नाही...' दम लागला म्हणून ती थांबली. मी वाट बघितली. 'आणि तिला तो कुणी शिकवायला जाऊ नये. लिहिलंस?' लिहिलं, मी म्हटलं. 'आता त्या पुण्याच्या बँडचं घे. त्यांचं एका ओळीत होईल. यांना अजून कुणी दुखावलेलं नाही, दुखावलं की बघू.' नर्स आत आली, हसणं ऐकून रागावली. प्रज्ञा म्हणाली, 'सिस्टर, कान छान आहेत तुमचे.' त्यानंतर तिला आयसीयूत हलवलं आणि मला काचेतूनच बघता आलं.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी रोहनने अंधेरीच्या एका बारमध्ये दुपारी कार्यक्रम ठेवला. शोकसभा नाही म्हणे, 'सेलिब्रेशन'. मी जाणार नव्हते. पण मी ज्यांना मावशी म्हणते त्या प्रज्ञाच्या आईंना त्याने गाडी पाठवली होती आणि मावशी मला म्हणाल्या, 'तू चल. मला तिथलं काय कळतंय?' आम्ही दोघी आणि सुजित गेलो. प्रज्ञाचा मोठा फोटो होता, आणि तिचा सावळा रंग त्यावर दोन छटा उजळवलेला. सुगंधी मेणबत्त्या. ओला पापड पहिल्या रांगेत. मावशींना उंच स्टुलावर बसवलं होतं, त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते आणि मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. एकेक जण उठून प्रज्ञा किती 'रॉ' होती ते सांगत होता. जिने आयुष्यभर यांच्या गाण्यांची साल काढली तिला ही मंडळी दहा मिनिटांत गोड करून टाकत होती, मुरांब्यासारखी. तिची एकही शिवी कुणी वाचून दाखवली नाही. कशी दाखवतील? प्रत्येकीवर तिथल्याच कुणाचं तरी नाव होतं.

शेवटी रोहन स्टेजवर चढला. 'आडनाव'ची नवी आवृत्ती तयार केली आहे, पुढच्या शुक्रवारी रिलीज होतेय, असं त्याने जाहीर केलं. आम्हाला, म्हणजे मला आणि सुजितला, कुणी विचारलेलं नव्हतं. गाणं सुरू झालं. राग काढून टाकलेला, चाल मंद, वर बासरी. 'पूर्ण नाव?' हे कुणीतरी इतकं हळुवार विचारत होतं की जणू पेशंटला तब्येत विचारतंय. आणि मोकळी जागा आली तिथं रोहनने माइक तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि प्रज्ञाचं नाव उच्चारलं. तिचं, तिच्या वडिलांचं आणि शेवटी आडनाव. सावकाश. एकेक अक्षर ठेवत. लोकांनी उसासे टाकले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मावशी स्टुलावरून उतरल्या. उतरताना पर्स पडली, ती त्यांनी उचलली नाही. सरळ स्टेजपाशी गेल्या.

'बंद कर रे ते.'

रोहनने डोळे उघडले. 'आंटी, ये उसके लिए ही... श्रद्धांजली आहे.'

'तिथं माझी मुलगी वाजवती,' मावशी म्हणाल्या. 'तू कशाला बोलतोस?'

कुणीतरी गाणं थांबवलं. रोहन खाली वाकून त्यांचा हात धरायला गेला, त्यांनी हात मागे घेतला. 'तिचं नाव मी ठेवलंय,' त्या म्हणाल्या. 'मला पाठ आहे. ह्या गाण्यात ते नको म्हणाली होती ना ती? मग नको.' मी पर्स उचलली आणि आम्ही बाहेर पडलो. सुजित आधीच बाहेर उभा होता, आणि मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघत होते.

संध्याकाळपर्यंत रोहनने लिहिलं की प्रज्ञाच्या आई गाणं ऐकून भावनावश झाल्या आणि तो क्षण तो जन्मभर विसरणार नाही. यावर मी काय लिहू? अशा माणसावर कुणी थुंकलं तरी तो ते तीर्थ म्हणून तबकात झेलतो. पण मावशी मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी मला आणि सुजितला बसवून कंपनीला कळवायला लावलं की आम्हा तिघांच्या परवानगीशिवाय हे गाणं निघणार नाही आणि परवानगी मिळणार नाही. बासरीवालं गाणं निघालं नाही. गाळ्यातलं आमचं रेकॉर्डिंग होतं तिथंच आहे, मशीनच्या ठक्-फुस्ससकट. हल्ली थोडे जास्त लोक ऐकतात. त्यातले किती भांडण बघायला येतात आणि किती गाणं ऐकायला, मला माहीत नाही.

गेल्या रविवारी विक्रोळीला गेले होते. मावशींनी ज्वारीची भाकरी आणि पिठलं केलं होतं. जेवण झाल्यावर मी जरा आडवी झाले आणि डोक्याखाली जी उशी घेतली तिच्या मधोमध दोन खोल खळगे लागले. मान पार वाकडी झाली. मी उठून बघितलं. अभ्रा दोन जागी इतका झिजला होता की आतलं कापड दिसत होतं.

'ती तिची,' मावशी म्हणाल्या. 'कॉलेजात होती तेव्हा ड्रम कुठले घरात? शेजारी बोंब मारायचे. मग मांडीवर उशी घेऊन बसायची आणि काठ्या हाणत राहायची. बारा वर्षं हाणली. आता मीच घेते रात्री.'

'मावशी, कापूस पिंजून घेऊ या ना. मी देते नेऊन. मान नाही का अवघडत तुमची?'

'अवघडते की,' त्या म्हणाल्या आणि उशी माझ्या हातातून काढून आपल्या बाजूला ठेवली. 'ती कुणाला सुखानं झोपू द्यायची?'