परसातला ऊस

१९५६ सालच्या माघात वडिलांनी बारामतीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या परसात ऊस लावला. पत्नी त्या वेळी इंदापूरला माहेरी होती. मी कामावर होतो.

परस लहान होतं. बैलगाडी आत घातली असती तर वळली नसती. मागं गुडघाभर उंचीची दगडांची भिंत आणि तिच्यापलीकडं विहिरीकडं जाणारा बोळ. आधीच्या भाडेकरूंनी चुलीची राख, फुटकी कौलं आणि एक मोडकी बाज तिथंच टाकली होती. पत्नीनं दिवाळीनंतर ते आवरायला घेतलं. कौलं आम्ही दोघांनी उचलली. जमीन तिनं खणली, शेणखत मिसळलं, मोरीचं पाणी आत वळवलं. मधोमध बसण्यासाठी एक सपाट दगड मांडून घेतला. पुढच्या ओट्यावर पुरुष बसत. दिवस मावळताना बाईमाणसानं मोकळ्यावर बसावं अशी जागा घराला नव्हती, आणि तिला ती हवी होती. शेवंती आणि मोगऱ्याची रोपं माहेरी मिळणार होती, ती आणायला ती गेली.

त्याच आठवड्यात, बाजारच्या दिवशी, वडील सांगवीहून गाडी घेऊन आले. गावाकडं ते ऊस करत. लागणीतून उरलेलं बेणं गाडीत होतं. परसात त्यांना खणलेली, खत घातलेली, पाणी वळवलेली रिकामी जमीन दिसली. सुनेनं रान तयार केलंय आणि बेण्यावाचून अडलंय, असा त्यांचा समज झाला. त्यांनी सऱ्या पाडल्या, बेण्याच्या टिपऱ्या पायानं दाबल्या आणि पाणी सोडलं. दगड एकट्याला हलेना, म्हणून तो राहिला. संध्याकाळी त्यांनी हे सगळं मला समाधानानं सांगितलं. मी मान डोलावली.

पत्नी एसटीनं परतली, तेव्हा रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली होती. तिनं परस पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. रोपं तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावली. सासऱ्यानं लावलेलं पीक सून उपटू शकत नव्हती.

आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. वडील बाजारला आले की तिनं दाराआडून मला सांगायचं, वडिलांनी ओट्यावरून मला सांगायचं. अंतर चार हातांचं, त्यामुळं दोघांनाही सगळं ऐकू येई. तरी निरोप माझ्यामार्फतच जात. उन्हाळ्यात तिनं कळवलं की ऊस काढावा. वडिलांनी कळवलं की उगवलेलं पीक मोडत नसतात. तिनं कळवलं की निदान अर्धा काढावा. वडिलांनी विचारलं की कुठला अर्धा. शेजारच्या काकू बाजूच्या भिंतीवरून चौकशी करत, "काय गं, कारखान्याला नोंदवलास का ऊस?"

भाद्रपदात ऊस माणसाच्या वर गेला. खालचं वाळलेलं पाचट काढण्यासाठी पत्नी आत शिरली आणि दम खायला दगडावर टेकली. बोळातून दोन माणसं बोलत गेली. त्यांना ती दिसली नाही. तिला त्यांचं सगळं बोलणं ऐकू आलं, आणि ते तिनं रात्री जेवताना मला जसंच्या तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेवंतीचे डबे दगडाभोवती नेऊन ठेवले. मग काकूंना बोलावलं. मग काकूंनी त्यांच्या जावेला आणलं. तिघी डोक्यावरचा पदर खाली सोडून बसत, केस वाळवत, शेंगा सोलत. त्यांचं हसणं पुढच्या ओट्यापर्यंत येई. ओट्यावरच्या एकानं मला विचारलं, "एवढं काय निघतं हो त्या उसात?" मला माहीत नव्हतं. कार्तिकात शेवंती फुलली.

पुढच्या माघात वडील कोयता घेऊन आले. ऊस पक्का झाला होता, काही शेंड्यांवर तुरे दिसत होते. गूळ करायचा, असं त्यांनी मला सांगितलं. ते परसात उतरले तेव्हा पत्नी दाराआडून मला काही सांगेल म्हणून मी थांबलो. ती दारातून बाहेर आली.

"मामंजी, कडंचा ऊस ठेवा."

वडिलांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग ते तिच्याकडं वळले.

"काढा म्हणत व्हतीस की."

"व्हय. आता ठेवा म्हणते."

"तुरा आल्याव उसात गोडी ऱ्हात न्हाय, पोरी."

"मला गोडी कशाला? आडोसा पायजे. बोळातनं सगळं दिसतं."

वडिलांनी कोयता भिंतीवर ठेवला. परस एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"आडोशाला कुणी ऊस लावतं व्हय?" ते म्हणाले. "आदी बोलायचं न्हाय का? शेवरी टाकली असती. चार म्हैन्यात डोस्क्याच्या वर जाती."

"तुमच्याशी बोलायचं कुणी?" पत्नी म्हणाली.

वडील हसले. त्या दिवशी त्यांनी आतला ऊस तोडला, खोडक्या खणून काढल्या आणि बोळाकडची रांग उभी ठेवली. पुढच्या बाजारला शेवरीचं बी आणून भिंतीच्या कडेनं टाकलं. कुठं टाकायचं ते त्यांनी पत्नीला विचारलं. मला विचारलं नाही.

मोगरा डब्यातून जमिनीत गेला. आषाढात शेवरी भिंतीवरून वर गेली आणि बोळ दिसेनासा झाला. वडिलांनी येऊन उसाची राहिलेली रांग तोडली, मोळी गाडीत टाकली आणि ते सांगवीला गेले. त्या संध्याकाळी पत्नी, काकू आणि त्यांची जाऊ परसात बसल्या. दिवेलागण होऊन गेल्यावर त्या उठल्या.