राजीनाम्याखालच्या दोन सह्या

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो. आदिलाबादच्या ठाण्यातली ही एक मात्र डोळ्यांपुढून हलत नाही, कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

भीमपूरकडचा एक कामगार. तो कामाला होता ती कापसाची जिनिंग बंद पडली, बेकारी भत्ता सुरू झाला. त्याने मुदतवाढीचा अर्ज केला आणि विमा कार्यालयात निनावी पत्र आलं: याने नोकरी स्वतःहून सोडली आहे. सोबत 'राजीनामा' असं शीर्षक असलेल्या कागदाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. स्वतःहून सोडणाऱ्याला भत्ता नाही. मुदतवाढ अडली, फसवणुकीची फिर्याद माझ्याकडे आली.

"राजीनामा दिला होता का रे?"

"झाला होता ना साहेब. चार लोकायसमोर झाला."

"मग भत्ता काऊन घेतला?"

"काम नाई म्हनून. राजीनामा झाला म्हनून का मानूस जेवत नाई?"

मला तो उर्मट वाटला. कानाखाली वाजवली. जबाब तेलुगूत लिहिला: नोकरीचा राजीनामा दिल्याचे कबूल. त्याला तेलुगू वाचता येत नव्हतं. दाखवली तिथे सही केली.

दुसऱ्या दिवशी दोन भाऊ बांधाच्या भांडणाची तक्रार मागे घ्यायला आले. थोरला म्हणाला, "साहेब, आमचा राजीनामा झाला. आता आमी एका ताटात जेवून राह्यलो."

माझा पेन थांबला. खेड्यापाड्यांत उर्दू कारभाराच्या काळातला जुना अर्थ अजून चालतो: राजीनामा म्हणजे तडजोड. आणि तो कामगार 'दिला' असं एकदाही म्हणाला नव्हता.

मॅनेजरच्या कपाटातली जिनिंगची फाईल पंचनामा करून ताब्यात घेतली. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: पाळीवरून झालेला वाद मिटला, कामगार उद्यापासून कामावर येईल. खाली दोन सह्या, त्याची आणि मॅनेजरची.

"दूसरा पन्ना क्यों नहीं भेजा?" मी मॅनेजरला विचारलं.

तो म्हणाला, "सबके सामने मेरे मुँह लगा था साहब."

वरिष्ठ म्हणाले, "जुना जबाब फाड, नवा घे." मी फाडला नाही. माझी नोंद चुकीची आहे, असं माझ्या सहीने कोर्टाला कळवलं. त्याबद्दल मेमो मिळाला. बक्षिसांचे कागद कुठे आहेत ठाऊक नाही. तो मेमो जपून ठेवलाय. त्यानंतर प्रत्येक जबाबात "म्हणजे काय?" असं विचारल्याशिवाय मी पुढची ओळ लिहिली नाही.

मुदतवाढ मंजूर झाली. तो कामगार मंजुरीचं पत्र दाखवायला ठाण्यात आला. मी खुर्ची दिली, चहा मागवला, पत्र दोनदा वाचलं. माफी मात्र मागितली नाही. अंगावर वर्दी होती.

आज वर्दी नाही. दादा, माझं चुकलं.