उपास चौथीचा, पाणी तिजेचं

आधी खरं ते सांगते. त्या दिवशी मी देवाकडे गेले ती काही भक्तीने नाही. मला माझ्या मनासारखं उत्तर हवं होतं, ते देवाच्या तोंडून काढून घ्यायला गेले होते. मी सांगत्ये नि सून लिहून घेत्येय. तिला म्हटलं, माझं चुकलेलं गाळू नको, नाहीतर सांगून उपयोग काय.

पावस गावाच्या पुढे, समुद्राला लागून आमची वाडी. माझी शाळा दुसरीत सुटली. आवस, म्हणजे आई, अंथरुणाला खिळली, पाठची भावंडं सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. पुढे लग्न झालं. नवरा खलाशी. मुलगा चार वर्षांचा असताना होडी परत आली, हे आले नाहीत. त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. सुकतीला, म्हणजे पाणी ओसरलं की, खडकावरची कालवं, ती धारदार शिंपली, फोडायची, दुपारी नारळाची झापं विणायची, असं करून मुलाला बारावीपर्यंत शिकवलं. माझी बोटं अजून सरळ होत नाहीत. तेवढी वर्षं मला देऊळ नि शाळा दोन्ही सारखीच होती. शाळेच्या पाखाडीवरून, त्या दगडी पायऱ्यांवरून, जाताना मी चपला हातात घ्यायची. बायका हसायच्या. हसू देत म्हणायची.

म्हणून मुलगा मुंबईची नोकरी सोडून बायको-पोरीला घेऊन परत आला, नि गार्गीला शाळेत घालणार नाही, घरीच शिकवणार म्हणाला, तेव्हा मला ते मुळीच पटेना. गार्गी माझी नात, दहा वर्षांची. लहानपणी तापात तिचा डावा कान गेला. मुंबईला एवढ्या मुलांच्या गलक्यात तिला बाईंचं ऐकू यायचं नाही, मग भलतंच उत्तर द्यायची नि सगळा वर्ग हसायचा. शेवटी शेवटी ती घरीसुद्धा बोलेनाशी झाली. सून शिकलेली आहे. ती म्हणाली, मी शिकवते, परीक्षा बाहेरून देता येते.

सकाळी देवापुढे दिवा लावला की मायलेकी ओटीवर बसायच्या. दहा वाजेपर्यंत वाचणं, गणितं. मग पोर बापसाबरोबर नारळीच्या आगरात. शिंपणं, कोंबड्यांचं दाणापाणी, झापं विणायला शिकणं. पण तिचा खरा नाद म्हणजे समुद्र. एक वही केली होती. कुठल्या दगडाला कालवं लागतात, कुठल्या दिवशी पाणी कुठवर चढलं, सगळं त्यात लिहायची, चित्रं काढायची. मी एकदा सहज तिला माझ्या बापसाने शिकवलेला हिशोब सांगितला होता. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी व्हायची वेळ निघते. आठमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, नि तिथून सहा तासांनी सुकती. पोरीने तो हिशोब असा धरला की महिनाभरात मला विचारायची गरज उरली नाही. मला कौतुक वाटायला हवं होतं. पण मला वाटायचं, हे असलं शिकून काय होणार, हे तर मलाही येतं.

त्यात शेजारची सुमन विहिरीवर रोज काहीतरी टोमणा मारायची.

"काय काकी, नात आज कुठल्या वर्गात? कोंबड्यांच्या की बकरीच्या?"

मी हंडा उचलून घरी यायची नि राग सुनेवर काढायची. एकदा म्हटलं, "माझ्या हातांची सालं गेली याला शाळेत घालायला. तुम्हाला आयती मिळते ती नको."

मुलगा म्हणाला, "आये, शाळेला मी वाईट म्हणत नाय. पण तिथं ती मुकी होत चालली होती."

"मुकं होत नाय कोण. सवय होते."

सून आत गेली. गार्गी उजवा कान आमच्याकडे करून बसली होती, ते मी नंतर पाहिलं.

किनाऱ्यापासून थोडा आत, पाण्यात, आमच्या वाडीचा गणपती आहे. देऊळ नाही, कळस नाही. उभा कातळ, त्यालाच शेंदूर. किनारा नि कातळ यांच्या मधे दगडांचा बांध आहे, कोणी घातलेला नाही, आपसूक आहे. सुकतीच्या आधी तासभर नि नंतर तासभर तो उघडा पडतो, मग पाण्याखाली जातो. तिथे पुजारी नसतो, ज्याने त्याने आपला कौल लावायचा. दोन पाकळ्या ओल्या करून देवाला चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालायचं. जी पाकळी आधी पडेल ते देवाचं सांगणं. आमच्याकडे जमिनीचे वाद, लग्नं, दुखणी, सगळी अशीच विचारली गेलीत. कौल मिळाला की त्यापुढे कोणी बोलत नाही. म्हणून मी ठरवलं, पौषातल्या विनायकी चौथीला जायचं. उजवा दिला तर पोर शाळेत. आणि मनात आणखी एक होतं, तेही सांगते. डावा दिला तर घरी कोणाला बोलायचं नाही, पुढच्या विनायकीला परत लावायचा.

त्या दिवशी सकाळी मी जास्वंदीची फुलं काढत होते. गार्गी नारळ घेऊन माझ्याबरोबर यायची होती. ती कॅलेंडराजवळ उभी राहून म्हणाली, "आजी, लवकर चल. सव्वाआठला सुकती आहे."

"सव्वाआठ कशी? आज चौथ. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला सुकती. दहापर्यंत बांध उघडा."

"उपास चौथीचा आहे गं, पण पाणी तिजेचं आहे. इथे बारीक अक्षरात लिहिलंय, साडेदहापर्यंत तीजच. चौथ दुपारी आहे म्हणून उपास आजचा."

"देवाची चौथ ती पाण्याची चौथ. मला शिकवू नको."

मला बारीक अक्षर दिसत नाही. लाल रंगात विनायकी लिहिलेली दिसली, तेवढं मला पुरे होतं. पूजा आटपून निघाले, बांधावरून पलीकडे गेलो तेव्हा नऊ वाजायला आले असतील. दगडांच्या कडांना पाणी लागलं होतं. पोर ते बघत होती, मी बघितलं नाही.

नारळ ठेवला, पाकळ्या लावल्या, डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. बा देवा, पोरीला शाळेत घालायची असेल तर उजवा दे, घरी ठेवायची असेल तर डावा दे. वारा अगदी पडलेला होता. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. मी बसून राहिले.

"आजी, किनाऱ्याकडचा सपाट दगड बुडाला."

"गप. देवापुढे बडबडू नये."

वेळ गेला. तिने माझा पदर ओढला.

"आजी, आता मधले दोन गेले. निघू या."

"कौल घेतल्याशिवाय उठायचं नसतं."

पोर बरोबर सांगत होती, पाणी डोळ्यांसमोर चढत होतं, नि मी दोन पाकळ्यांकडे बघत बसले होते. उठले ती माझ्या पावलांना पाणी लागलं तेव्हा. वळून पाहिलं तर बांध दिसतच नव्हता. तिजेचं उधाणाचं पाणी, ते पहिल्यांदा सावकाश येतं नि मग एकदम घाई करतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. कातळावर थांबावं तर भरतीला देवाच्या गळ्यापर्यंत पाणी येतं. मी पोरीचा हात धरला नि पाण्यात शिरले. माझ्या मांडीपर्यंत, तिच्या कमरेपर्यंत. मी पुढे, ती मागे. चार पावलं गेले असेन, पाय एकदम खाली गेला. ती मागे खेचत होती म्हणून वर आले.

तेवढ्यात हाक आली. "म्हातारे, थांब. पुढं खळगा हाय."

डाव्या हाताला, समुद्राकडच्या बाजूला, एक माणूस छातीभर पाण्यात उभा होता. खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं. पिकलेली दाढी, काळा सदरा. आमच्या बंदरावरचा नव्हे, तिथली माणसं मला पाठ आहेत. तो जवळ आला तसा पोरीकडे बघून काहीतरी बोलला. तिला ते ऐकू गेलं नाही, डावा कान त्याच्याकडे होता. तो पाणी कापत वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला. तिचा कान त्याला कसा कळला ते मला ठाऊक नाही. तिने मान वळवली असेल, त्यावरून कळलं असेल.

"पोरी, दगड ठावे हायत?"

"हो. कालवंवाले दगड उंच आहेत. पायाला टोचतात ते. गुळगुळीत लागला तर तिथे खोल."

"मग तू हो पुढं." मग मला म्हणाला, "तू हिच्या खांद्यावर हात ठेव. ती पाय ठेवील तिथंच पाय ठेव. नि वायच गप ऱ्हा."

इतक्या वर्षांत मला असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला होतंच कोण. मी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. ती पाय पुढे करून चाचपायची, टोचलं की टाकायची, मी तिथेच टाकायची. तो परत आमच्या समुद्राकडच्या बाजूला जाऊन चालत होता, लाट आली की त्याच्या अंगावर फुटायची नि आमच्यापर्यंत नुसता हिसका यायचा. मी त्या वेळी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. डोक्यात काही नव्हतं. हाताखाली तिचा खांदा होता, तेवढाच मला कळत होता. तो सरकत होता, थांबत नव्हता.

वाळूवर आलो नि मी खाली बसले. तिचे तळपाय कालवांनी कापले होते. पदराने पुसता पुसता त्या माणसाला हाक मारावी म्हणून वर पाहिलं, तर तो खडकांच्या पलीकडच्या अंगाला गेलेला. नंतर मुलाने बंदरावर, खाडीपलीकडच्या वाडीत, सगळीकडे विचारलं. असा पागी कोणी ओळखला नाही. असेल कोणी परगावचा, पाव्हणा आलेला. मी त्याचा देव केला नाही. पण सकाळी दिवा लावते तेव्हा त्याच्यासाठी हात जोडते, तो जिथे असेल तिथे बरा असू दे.

वाळूत बसल्या बसल्या पोर म्हणाली, "तुझा कौल राहिला."

"राहू दे."

"काय विचारलंस?"

खोटं बोलायचं बळ नव्हतं. "तुला शाळेत घालू की घरी ठेवू, ते."

ती पायाची वाळू झटकायला लागली. मग म्हणाली, "मग मला विचारायचंस ना."

मी विचारलं. दहा वर्षांच्या पोरीला पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, वर्गात नको, तिथे ऐकू येत नाही नि चुकलं की हसतात. अभ्यास आईकडेच बरा. पण दुपारी मुलं शाळेच्या मैदानात खेळतात, त्यांचा आवाज घरापर्यंत येतो, तिथे मला जायचंय. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी शाळा शाळा करत होते, आई-बाप घर घर करत होते, नि पोर रोज दुपारी कुंपणाशी उभी राहून ऐकत होती.

घरी येऊन मी सगळं सांगितलं, मनात लपवायचं ठरवलं होतं तेसुद्धा. मुलाचा चेहरा उतरला, पण तो ओरडला नाही. पोरीचे पाय धुऊन हळद लावत बसला. सून कोरडं पातळ घेऊन आली. मग म्हणाली, "आई, ती पाऊणपटीची पाऊणकी मला येत नाही. उद्यापासून ती तुम्ही शिकवा तिला."

मी म्हटलं, "मी कसली शिकवते."

"मग तुम्हाला कोणी शिकवली?"

माझ्या बापसाने. होडीत बसून, जाळं शिवता शिवता. माझी शाळा दुसरीत सुटली असं मी जन्मभर सांगत आले. ज्याच्यावर मी पोट भरलं, पाणी, तिथी, कालवं, झापं, ते सगळं घरातच शिकले होते, नि त्याला मी कधी शिकणं म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. गुरुजींना म्हटलं, नात वर्गात यायची नाही, पण खेळायला आली तर चालेल का. ते म्हणाले, "येऊ दे की आजी, मैदानाला हजेरी नसते." आता ती चारला जाते. सुरुवातीला कोणी खेळायला घेईना, मग घ्यायला लागली. सुमनचा मुलगा रविवारी तिच्याबरोबर खडकावर येतो. विहिरीवर सुमन अजून बोलते, पण आता दुसरं काहीतरी बोलते.

देवाने मला उजवा दिला नाही, डावाही दिला नाही. तेव्हा वाटलं, रागावला. आता तसं वाटत नाही. जन्मभर मी पुढे चालले, कारण पुढे दुसरं कोणी नव्हतं, नि त्याची मला इतकी सवय झाली की देवालासुद्धा मी आपल्या मागून यायला सांगत होते. त्या दिवशी त्याने मला एका पोरीच्या मागे चालवलं, नि आम्ही दोघी जिवंत आलो. एवढं त्याने केलं. याहून जास्त मी त्याच्याकडे कधी मागितलं नव्हतं नि न मागता मिळालं.

विनायकीला आम्ही अजून जातो. गार्गी बारीक अक्षर वाचते, ती सांगेल तेव्हा निघायचं. देवापुढे गेले की विचारायला काही नसतं, नुसती उभी राहते, बरं वाटतं. मग ती पाण्याकडे बघून म्हणते, आजी, चल. मी नमस्कार करते नि निघते.