बफिंगमधला चढाईपटू

"येवल्याच्या पोरांनी हरवलं? दिवसभर मागावर बसून पैठण्या विणणाऱ्यांनी?"

चौबळ साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला, तशी मी खुर्ची जरा मागे सरकवली. साहेब आमचे वर्क्स मॅनेजर. सातपूरला आमचा स्कूटरचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार. कंपनीने कबड्डीच्या जोरावर अकरा जणांना नोकरीला लावलं होतं. कागदावर ते हेल्पर, पण खरं काम चषक आणायचं. रोज सकाळची शिफ्ट, तीननंतर सराव, कॅन्टीनमध्ये दोन अंडी जादा. आदल्या वर्षी त्यांनी ऑफिसातलं काचेचं कपाट भरून टाकलं होतं. या मोसमात मात्र सिन्नरला हरले, नाशिकरोडला हरले आणि आता येवल्याला पहिल्याच फेरीत गारद.

साहेबांनी सगळे उपाय करून पाहिले होते. कॅप्टन बदलला, बनियनचा रंग बदलला, दोनाची चार अंडी केली. हरायचं काही थांबेना.

"गांगुर्डे, तुम्ही सगळ्या कारखान्याला घड्याळ लावता. यांनाही लावा."

मी वर्क स्टडी इंजिनिअर. म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगारामागे उभं राहायचं, कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते लिहायचं, आणि तेच काम कमी वेळात, कमी माणसांत कसं होईल ते साहेबांना सांगायचं. अशा माणसाला कारखान्यात कोणी चहाला बोलवत नाही. मी कुठल्याही खात्यात शिरलो की गप्पा बंद व्हायच्या. कबड्डी मला शाळेतही जमली नव्हती. पण साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती.

"आणि तो अहिरे," साहेब म्हणाले, "त्याचं प्रोबेशन मोसमाबरोबर संपतंय. चढाई जमत नसेल तर हेल्पर मला गेटवर रोज मिळतात."

दौलत अहिरे आमचा मुख्य चढाईपटू. बागलाणातल्या नामपूरचा, कांद्याच्या गोण्या उचलून खांदे झालेला. त्याचं लग्न ठरलं होतं, पण मुलीच्या वडिलांना आधी परमनंटची ऑर्डर बघायची होती. तारीख त्या कागदावर अडली होती, आणि कागद चषकावर.

दुसऱ्या दिवसापासून मी सायकल स्टँडमागच्या मैदानात घड्याळ घेऊन उभा राहिलो. तेव्हा आजच्यासारखं चढाईला सेकंदांचं बंधन नव्हतं. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत पलीकडे जायचं, गडी मारायचे आणि तो श्वास, म्हणजे दम, संपायच्या आत मध्यरेषेवर परतायचं. दम तुटला की बाद. म्हटलं, मोजण्यासारखं हेच आहे.

तीन आठवडे सगळ्यांचे दम मोजले. गडी माझी टिंगल करायचे. "साहेब, शिंकेला किती सेकंद धरले?" एकाने विचारलं. तेही लिहिल्यासारखं केलं. दहा जणांचे आकडे सोमवार ते शनिवार जवळपास सारखे होते. अहिरेचे नव्हते. सोमवारी तो तीस सेकंद टिकायचा, बुधवारी पंचविसावर यायचा आणि शनिवारी सतरावर. रविवारी कारखान्याला सुट्टी, की सोमवारी पुन्हा तीस.

आणि स्पर्धांचे सामने शनिवार-रविवारी असायचे. आमचा हुकमी गडी प्रत्येक सामन्यात अर्ध्या दमाने उतरत होता.

त्याला सायकल स्टँडकडे बाजूला घेतलं. "विड्या ओढतोस का?"

"नै साहेब. आईनी शपथ."

"मग शनिवारी काय होतं तुला?"

तो मैदानाकडे बघत म्हणाला, "छातीमा काहीतरी भरेल शे साहेब. पण कोणले सांगू नका. परमनंट व्हवू द्या."

अकरा जणांत तो एकटाच बफिंग खात्यात होता. बफिंग म्हणजे जोरात फिरणाऱ्या कापडी चाकावर हँडल, लिव्हर वगैरे धरून चकाकी आणायची. चाकावरून कापडाचा आणि धातूचा बारीक काळा भुगा उडतो. चाकाशी धूळ ओढून घेणारा पंखा असावा लागतो, त्याला डस्ट कलेक्टर म्हणतात. आमच्याकडे त्याऐवजी गूळ होता. घसा साफ राहावा म्हणून कंपनी प्रत्येकाला रोज गुळाचा खडा देत असे. डस्ट कलेक्टरची फाईल चार वर्षं कुठल्या तरी टेबलावर होती.

दुसऱ्या दिवशी बफिंगमध्ये गेलो. खात्याचे सय्यद मिस्त्री तोंडाला रुमाल बांधून उभे होते.

"अहिरे तर हेल्पर आहे," मी म्हणालो. "चाकावर बसत नाही. त्याच्या छातीत धूळ कशी जाते?"

मिस्त्रींनी रुमाल खाली केला. "साहेब, पहिले तो तिकडे दाराजवळ राहायचा, हवेत. माल उचलून आणायचा. आता रॅक इथं आलाय ना, चाकाच्या बाजूला. मग तो पण इथंच."

रॅक मीच हलवला होता. वर्षापूर्वी मी त्या खात्याची स्टडी केली होती. दारापासून चाकापर्यंत हेल्परच्या फुकट फेऱ्या होतात, म्हणून मालाचा रॅक चाकाशेजारी आणा, दोन हेल्परचं काम एकात होईल, असं लिहिलं होतं. साहेबांनी खूश होऊन मला शाबासकीचं पत्रही दिलं होतं. त्या रिपोर्टात पावलं मोजली होती, सेकंद मोजले होते. श्वास मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला त्या जागी उभं राहवेना.

तसाच चौबळ साहेबांकडे गेलो आणि अहिरेच्या छातीत धूळ जातेय ते सांगितलं.

"रॅक परत दाराशी न्या, साहेब. आणि अहिरेला स्टोअरमध्ये टाका."

"रिपोर्ट तुमचा, फायदा तुम्हीच दाखवलात, आणि आता मागे घेता?"

"चुकलं माझं."

"मोसम संपू द्या. तो आजारी आहे असं वर कळलं तर त्याला परमनंट कोण करेल?"

अहिरेलाही गप्पच राहायचं होतं. मीही गप्प बसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मोसमाचा शेवटचा सामना नाशिकलाच होता, रविवारी सकाळी. मुंबईहून आमचे एमडी प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. चौबळ साहेब नव्या सफारीत त्यांच्या शेजारी, आणि मी त्यांच्या अगदी मागे, दुसऱ्या रांगेत. सवयीने घड्याळ आणि दमाच्या आकड्यांची वही हातात होतीच.

शेवटची काही मिनिटं राहिली, आम्ही दोन गुणांनी मागे. अहिरे चढाईला गेला. एकाला शिवला, दुसऱ्याला शिवला आणि वळला. मध्यरेषा दोन पावलांवर आली आणि त्याचा आवाज फाटला. दम तुटला. पंचांनी शिट्टी मारली. अहिरे गुडघ्यांवर बसून खोकत राहिला, खोकता खोकता त्याने रुमाल तोंडाला लावला, आणि रुमालावरचा काळा डाग पहिल्या रांगेतून स्वच्छ दिसला.

एमडी चौबळ साहेबांकडे वळले. "हा मुलगा आजारी आहे?"

साहेब म्हणाले, "नाही सर, जरा सर्दी..."

मी उभा राहिलो. कसा राहिलो ते माहीत नाही. "आजारी नाही सर. तो बफिंगमध्ये आहे."

"म्हणजे?"

मग तिथेच सगळं सांगितलं. धूळ, गूळ, रॅक, सोमवारचे तीस आणि शनिवारचे सतरा. रॅक मी हलवला, हेही सांगितलं. समोर सामना संपला, आम्ही हरलो, बक्षीस समारंभासाठी हाका सुरू झाल्या, तरी एमडी माझ्या वहीतले आकडे बघत होते.

सोमवारी अहिरेची स्टोअरमध्ये बदली झाली आणि पंधरा दिवसांत त्याला परमनंटची ऑर्डर मिळाली. लग्नात त्याने मला पहिल्या पंगतीला बसवलं. पुढच्या मोसमात त्याचा दम परतला, पण पहिल्यासारखा कधीच नाही. मी मोजला म्हणून मला माहीत. चौबळ साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि चार वर्षं न हललेली ती फाईल दोन महिन्यांत हलली. बफिंगमध्ये डस्ट कलेक्टर बसला. नारळ फोडून बटण दाबलं, भुगा सरळ पाइपात ओढला गेला आणि खात्याच्या पलीकडची भिंत आम्हाला पहिल्यांदा नीट दिसली. मी सय्यद मिस्त्रींचं अभिनंदन केलं. त्यांनी रुमाल सोडला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले,

"अकरा साल झाले साहेब, रोज खोकतोय मी. पहिलेच सांगायचं ना, कबड्डी खेळावी लागते म्हणून."