डोंगरभानाचा पाडाव

रजनीबाईंना चौकशा करायची खोड होती. पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत, पण लक्ष सगळं लोकांच्या इतिहासात. घरची माणसं सौंसरला, इथे खोली घेऊन एकट्या, म्हणजे चौकशांना वेळही भरपूर. कोणाची सून माहेरी का बसली, कोणाचा संत्र्याचा बगीचा का वाळला, बाईंना बित्तंबातमी. फक्त एक गोष्ट तीन वर्षं खोदूनही हाती लागली नव्हती. शाळेचा चपराशी श्रावण आपलं गाणं अर्ध्यावर का सोडतो?

श्रावण शाळेची घंटा वाजवायचा. घंटा म्हणजे वखराची पास, त्याचं जुनं लोखंडी पातं, कडुनिंबाला टांगलेली. शाळा सुटली की तो ती काढून घरी न्यायचा, कारण त्याच्या गाण्याला पेटी-तबला चालत नसे, लोखंडच लागे. पासेवर टोला हाणत तो डोंगरभानाची गाणी म्हणायचा. हा डोंगरभान कुठल्या बखरीत नाही की कुठल्या किल्ल्यावर नाही. श्रावणनेच तरुणपणी रचलेला गडी. डोंगर फाटून जन्मला, अंगावर लोखंडाची कातडी, आणि हातात अशी तलवार की एकदा बाहेर निघाली की रक्त प्यायल्याशिवाय म्यानात जात नाही. गाणी बारा. अकरा ऐकताना भल्याभल्यांच्या अंगावर काटा यायचा. अकराव्याच्या शेवटी डोंगरभान अंधारात तलवार उपसतो, आणि नेमका तिथेच श्रावण पास खाली ठेवून म्हणायचा, "झालं बापा, चहा मांडा."

तलवार पडली कोणावर? बाईंच्या डोक्यात हा भुंगा सारखा.

१९८६ च्या दिवाळीनंतर श्रावणचा आवाज बसला तो बसलाच. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. सोमवारी ऑपरेशन, आणि आवाज बहुधा राहणार नाही. बाईंना वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण खोड काही गेली नाही. त्यांनी सौंसरहून भावाचा टेपरेकॉर्डर मागवला आणि शुक्रवारी श्रावणच्या अंगणात जाऊन बसल्या.

"काका, बारावं गाणं म्हणा. नाहीतर ते कायमचं जाईल."

"ते मले म्हणता येत नाई, बाई."

"विसरलात?"

"विसरीन कसा? माहंच हाय ते." श्रावण पास पुसू लागला. मग म्हणाला, "आमच्यात रीत हाय. ज्यानं वीर उभा केला, त्यानं त्याले पाडाचं नाई. बारावं म्हणजे त्याचा पाडाव, तो मागं गाणाऱ्या झीलकऱ्यानं म्हणाचा. एरवी तो माह्या मागं झील धरे, पाडावाले म्या त्याच्या मागं उभं राहून जी जी म्हणाचं."

झीलकरी होता सावरगावचा मोतीराम. नऊ वर्षांमागे रामाकोन्याला गाणी अशी काही रंगली की श्रावणचं भान सुटलं. "टाळ्या लय पडून राहिल्या होत्या, बाई. म्या थांबलोच नाई. पाडावही म्याच म्हणून टाकला." मोतीरामने तिथेच डफ खाली ठेवला आणि उठून गेला. दोन्ही गावांच्या मध्ये फक्त जाम नदी आणि तिचा पूल, पण नऊ वर्षांत दोघांपैकी एकानेही तो समेटासाठी ओलांडला नाही.

"माफी मागायची होती."

"कोणत्या तोंडानं?"

शनिवारी अर्धी शाळा. बाईंनी मशीन पिशवीत घातलं आणि पूल ओलांडला. मोतीराम अंगणात संत्री निवडत बसला होता.

"कोणं पाठवलं?"

"कोणी नाही, काकाजी. मीच आले." आणि त्यांनी घशाचं सांगितलं.

मोतीरामने हात धुतले, आतून डफ आणला, शेकला आणि पाडाव सुरू केला. प्रत्येक ओळीनंतर तो थांबे, जमिनीकडे पाही, मग पुढची ओळ घेई. म्हाताऱ्याला दम लागतोय, बाईंना वाटलं. टेप वाया जायला नको म्हणून तो थांबला की त्या बटण दाबून मशीनही थांबवत, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत. मग मात्र त्या गाण्यात शिरल्या. अंधारात ती तलवार पडली होती डोंगरभानाच्या नगारजीवर, त्याच्याच पाठीशी जन्मभर नगारा वाजवणाऱ्या माणसावर. उजाडल्यावर त्याने लोखंडाची कातडी सोलून काढली आणि डोंगराकडे गेला. डोंगराने त्याला परत पोटात घेतलं नाही. बाई रडल्या.

रविवारी सकाळी त्यांनी श्रावणला टेप लावून दिली. पहिली ओळ संपताच त्याने तोंड उघडलं, तोच दुसरी ओळ आली. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा त्याने हात वर केला.

"जागा कुठं गेल्या? मोतीराम थांबला नाई?"

"थांबत होते की, प्रत्येक ओळीला. दम लागत होता त्यांना. मी तेवढं बंद केलं."

"दम कायचा बाई. माह्यासाठी जागा सोडून राहिला होता तो."

इतकं ओशाळल्यासारखं बाईंना आयुष्यात झालं नव्हतं. त्या तशाच उठल्या आणि पुन्हा सावरगाव गाठलं. मोतीरामने सगळं ऐकून घेतलं.

"शिकलेल्या लोकायले काही मोकळं सोडवतच नाई," तो म्हणाला. मग दुसरीकडे बघत, "त्यानं तोंड उघडलं होतं?"

"तीनदा."

मोतीराम पुन्हा गायला. या वेळी बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

दिवेलागणीला श्रावणच्या अंगणात टेप फिरली. ओळ संपली की त्याचा घोगरा 'जी रं जी' आणि पासेवर टोला. नगारजीवर तलवार पडली तिथे त्याचा आवाज निघाला नाही, फक्त टोला पडला. पुढच्या ओळीला तो पुन्हा आला. सोमवारी त्याला नागपूरला नेलं. गाठ गेली, आवाजही गेला.

महिन्याने तो कामावर आला. शाळा सुटल्यावर त्याचा तो शेवटचा आवाज ऐकवावा म्हणून बाईंनी कडुनिंबाखाली टेप लावली. मोतीरामची ओळ आली आणि मागे काहीच नाही. त्या संध्याकाळी मशीन वाजत होतं, ते रेकॉर्ड कसं करणार? जगाच्या चौकशा करणाऱ्या बाईंच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. श्रावणने टांगलेल्या पासेवर टोला दिला आणि त्यांच्याकडे पाहिलं. दुसरी ओळ संपली, टोला पडला, तो अजून पाहतच होता.

कोणी बघत नाही ना म्हणून बाईंनी फाटकाकडे एकदा नजर टाकली, आणि तिसऱ्या ओळीला 'जी रं जी' म्हटलं.